फक्त वाचायचं गाव

कासारघाट लाईट गेली की बंद पडायचं आणि लाईट आली की पहिल्यापासून सुरू व्हायचं. यात गावात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात हिरवा दिवा लुकलुकायचा आणि गाव उभं राहायचं. आधी रस्ते, मग घरं, मग माणसं, सगळ्यात शेवटी कुत्री. नगराध्यक्ष अण्णासाहेब खराडे कालच निवडून आलेले असायचे आणि त्यांच्या कपाळावरचा गुलाल ओला असायचा. सलीमभाईच्या टपरीवर दूध उतू जायच्या बेतात असायचं आणि सलीमभाई फडकं शोधत असायचा. शिवदास लोंढेच्या बायकोच्या, गुलाबच्या, हातांवरची हळद अजून गेलेली नसायची, कारण तिचं नुकतंच लग्न झालेलं असायचं.

तिची मुलगी मात्र सात वर्षांची होती.

पेटीत तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड होता. घाटापलीकडचं इंटरनेट अलीकडे आणायला म्हणून शिवदासने तो आणला आणि त्यावर युनिक्सच्या गोत्रातली एक संगणक-प्रणाली चढवली. पडदा नाही, कीबोर्ड नाही, पंखा नाही, आवाज नाही. या गोत्राचा स्वभाव असा की काम नीट झालं तर ती चकार शब्द काढत नाही, बिघडलं तरच बोलते. शिवदासला हा स्वभाव फार आवडायचा. गावात असं दुसरं कुणी नव्हतं.

नगरपंचायतीलाही पेटी आवडली, कारण ती पगार मागत नव्हती. त्यांनी आधी तिच्यावर नळ टाकले, मग रस्त्यावरचे दिवे, मग दारं, मग भिंती, मग माणसं. तळहाताएवढ्या बोर्डावर अख्खं गाव चालतंय म्हणून पेपरात फोटो आला. बोर्डाचा नव्हे, अण्णासाहेबांचा.

गाव ठेवलं होतं नखाएवढ्या एका मेमरी कार्डावर. अशी कार्डं लिहून लिहून झिजतात, म्हणून एकदा नीट लिहायचं आणि मग फक्त वाचायचं ठेवायचं, ही या कामातली रीत. त्यानंतर गावात जे काही नवं घडेल ते पेटीच्या ध्यानात राहतं आणि लाईट गेली की उडून जातं. शिवदासने कार्ड लिहिलं ते निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्याच्याही अंगाला हळद होती. घाईत होता, खुशीत होता. लिहिलं, कुलूप घातलं आणि घरी गेला.

त्यांची मुलगी किमया त्यानंतर झाली. त्या वर्षी लाईट एकदाही गेली नाही. अशी वर्षं पुन्हा आली नाहीत.

पेटीतून एक वायर निघायची आणि तिच्यात तीन तारा होत्या. एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीत पुरायची. पुरली नाही तर बाकीच्या दोन हात जाळायच्या. म्हणजे माणसांसाठी उरल्या दोन. लाईट जाताना ज्याच्या हातात तार असेल, तो माणूस होता तसा राहायचा. बाकी सगळे कार्डावरून पुन्हा वाचले जायचे. गुलाब कार्डावर होती, तार नसली तरी ती परत यायची. किमया कार्डावर नव्हतीच. तार सुटली तर ती आलीच नसती. शिवदासने फार विचार केला नाही. बोलायची तार त्याने स्वतःच्या मनगटाला बांधली, ऐकायची पोरीच्या.

त्यामुळे बापलेक शेळ्यांसारखे वायर ओढत हिंडायचे. वायर सलीमभाईच्या टपरीपर्यंत पुरायची, ताणली तर अण्णासाहेबांच्या ओट्यापर्यंत. शाळेपर्यंत पुरत नव्हती. पुरली असती तरी शाळेत किमया लोंढे नावाचं कुणी नव्हतं.

टाकीच्या खाली एक खोली होती. कार्ड लिहिता लिहिताच कधी लाईट गेली, तर अर्धवट राहिलेल्या वस्तू त्या खोलीत येऊन पडायच्या. पेटीची पद्धत अशी की आधी वस्तू लिहायची आणि नाव सगळ्यात शेवटी लावायचं. म्हणजे अर्धामुर्धा माल नाव सांगत गावात फिरायला नको. खोलीत दाराची एक फळी होती, कुणाचीतरी डाव्या पायाची चप्पल होती, आणि एका शेळीचं ओरडणं होतं, शेळी नव्हती. दर वेळी गाव उभं राहिलं की शिवदासने खोली उघडायची आणि प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी बांधायची. नाव सांगितल्याशिवाय वस्तू कुणाला नेता यायची नाही, आणि त्यांना नाव तर नव्हतंच.

या खेपेला लाईट आली तेव्हा बापलेक नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले. गुलाब पोळ्या लाटत होती. हातात हिरवा चुडा होता.

"अगं बाई! अहो, तुमचे केस!"

"पिकले."

"काल काळे होते की."

"होते."

"बरं नाही का तुम्हाला? आणि ही कुणाची पोर?"

"तुझीच," किमया पाट ओढून बसत म्हणाली. "पोळी दे. आधी कडा तोडून दे. मग रड काय रडायचं ते."

गुलाबला हसू फुटलं. "माझी? माझी हळद निघाली नाही अजून, आणि ही घोडी मला आई म्हणवते!"

"घोडी नको म्हणूस. मागच्या वेळी चिमणी म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

किमयाने बापाकडे बघितलं. शिवदास खाली बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागला. हे तो इतक्या वेळा सांगून चुकला होता की कुठे गुलाब तोंडाला पदर लावणार, कुठे "मला माहेरी सोडा" म्हणणार, हे त्याला पाठ होतं. ती म्हणाली. त्याने ठरलेलं उत्तर दिलं. पोळी तव्यावर करपली, तीही ठरल्यासारखी.

मग हळूहळू गुलाब रुळली. आधी लांबून बघायची, मग केसांना तेल लावू लागली, मग एका दुपारी कुणी न सांगता "किमू" म्हणाली. दर वेळी ती याच नावावर यायची. शिवदासला तेवढ्यावर जगता येत होतं. त्याला वाटायचं पोरीलाही येत असेल.

पण त्या दुपारी किमया अंगणात वायरीचा पीळ सोडवत बसली होती. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी तार नाही धरणार."

"म्हणजे?"

"सोडून देणार."

"अगं, मग तू..."

"माहितेय. नसणार." तिने गाठीला दात लावला. "ती आत्ता छान वागते. मग लाईट जाते आणि ती म्हणते, ही कुणाची पोर. मला कंटाळा आलाय रे. तुला नाही येत?"

शिवदासने तिच्या मनगटाची गाठ आणखी घट्ट केली.

"बांध की," ती म्हणाली. "मला सोडता येते."

तेव्हा त्याला कळलं की पुढची लाईट जायच्या आत पोरीला कार्डावर लिहिलं नाही, तर पोर गेली.

तो अण्णासाहेबांच्या ओट्यावर गेला. वायर इतकी ताणली की मनगटावर वळ उठला. अण्णासाहेब आरशात गुलाल नीट करत होते.

"या, लोंढे! म्हातारे झालात की एका रात्रीत. लग्न मानवलं नाही?"

ओट्यावरचे चारदोन लाचार हसले.

"अण्णासाहेब, कार्डावर लिहायचंय. पोर आहे माझी, एकच नाव."

"कार्ड झिजतं हो, लोंढे."

"सात वर्षांत एकदाही लिहिलं नाही."

"कुठली सात वर्षं? मी काल निवडून आलोय." त्यांनी कपाळाकडे बोट दाखवलं. "हा बघा. वाळलाय का?"

"नाही."

"मग? आज तुम्ही पोर लिहाल, उद्या तो दुसरा येईल पुढच्या निवडणुकीची तारीख लिहायला. कुठवर जायचं? जन्माला घालताना विचारलं होतंत?"

"तुम्हाला नातू झालाय, अण्णासाहेब. तीनदा झालाय. दर वेळी लाईट जाते."

अण्णासाहेबांचा हात आरशासमोर थांबला. मग पुन्हा चालू झाला. "झाला असेल," ते म्हणाले. "आठवत नाही त्याचं दुःख नसतं. शिवाय नियम तुमच्याच हातचा. लिहायचा हुकूम फक्त माझ्या ओट्यावरून. मुंगी शिरणार नाही म्हणाला होतात. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

हे खरं होतं. पेटीच्या दारावरचा तो नियम शिवदासनेच लिहिला होता आणि त्याची त्याला घमेंडही होती. भडव्यांनी सांगितलं आणि याने लिहून दिलं. हुशार माणसं असंच करतात. ज्याला कायमचा काल मिळाला तो कशाला उद्या येऊ देईल, एवढं साधं त्याला तेव्हा दिसलं नाही, कारण नियम सुबक झाला होता आणि तो सुबकपणाकडे बघत होता.

परत येताना सलीमभाईने हाक मारली. "लोंढे, चहा घे. तोंड का असं झालंय?"

"नियम मोडायचाय."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग विचारतोस कुणाला?" सलीमभाई म्हणाला आणि फडकं शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शिवदास कामाला बसला. दारावरचा नियम बदलताना एक भीती असते. एखादा शब्द चुकला तर दार तुमच्याच तोंडावर बंद होतं, आणि मग पेटी आत चालू, तुम्ही बाहेर, कितीही बोंबला. म्हणून हे काम करणारा प्रत्येक जण आधी एक गोष्ट करून ठेवतो. पेटीला सांगतो, थोड्या वेळाने तू आपली आपण बंद हो आणि पुन्हा ऊठ. चुकलात तर पेटी उठते, जुना नियम परत येतो, तुम्ही वाचता. नाही चुकलात तर तो हुकूम तेवढा मागे घ्यायचा. शिवदासने तार ओठांशी धरून तसं सांगितलं. पेटी काही बोलली नाही, म्हणजे ऐकलं.

मग त्याने नियम सोडवला. अण्णासाहेबांचा ओटा काढला, आपलं अंगण घातलं. पेटी काही बोलली नाही. त्याने कार्डाचं कुलूप काढायला सांगितलं. काही बोलली नाही. त्याने अंगणातला एक खडा लिहून बघितला. खडा कार्डावर गेला.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सात वर्षं ज्या दारावर डोकं आपटलं, त्याला आतून कडीच नव्हती.

"गुलाब! गुलाब, ये लवकर!"

ती ओले हात पुसत आली. मागून किमया, आपली तार ओढत.

"आता तू बोलायचं," तो म्हणाला. "ही तार धर. किमूबद्दल जे जे माहीत असेल ते सांग. नाव शेवटी."

"मी? तुम्हीच सांगा की. तुम्हाला जास्त माहितीय."

"तुझ्या ध्यानात राहायला हवं ना? दुसऱ्याच्या ध्यानातलं मला लिहिता येत नाही. तुझ्याच तोंडून जायला हवं."

त्याने आपल्या मनगटाची गाठ सोडली. किती वर्षांनी सोडली, कुणास ठाऊक. खाली कातडी लहान मुलासारखी पांढरी होती. त्याने तार गुलाबच्या हातात दिली आणि मोकळा उभा राहिला.

गुलाब लाजली. तारेशी काय बोलायचं तिला कळेना. "आता काय सांगू बाई," ती म्हणाली आणि तेही लिहिलं गेलं. मग तिने पोरीकडे बघितलं आणि तिला सापडलं.

"पोळीच्या कडा आधी खाते," ती म्हणाली. "मधला भाग बापाच्या ताटात टाकते. कोपराला खोक आहे, अंगणातल्या दगडाची, मला म्हणाली मांजराने ओरबाडलं. खोटं बोलते तेव्हा एका पायावर उभी राहते."

"नाही राहत!" किमया म्हणाली. ती एका पायावर उभी होती.

"हसली की उचकी लागते. डावी भुवई अर्धीच आहे. तेल लावताना मान आखडून धरते, जशी काही तिची मानच कापतेय मी. झोपेत दात खाते. चिडली की मला गुलाब म्हणते, आई नाही म्हणत. परवा माझी हळद चाटून बघितली आणि थुंकली..."

सावकाश बोलत होती ती. चव घेत बोलत होती. किमया आधी एका पायावर होती, मग दोन्हीवर आली, मग जवळ सरकली. ऐकायची तार तिने दोन्ही हातांत कानाशी धरली होती. आपल्याबद्दल एवढं सलग बोलताना तिने आईला कधीच ऐकलं नव्हतं. इतके दिवस टिकलीच नव्हती ना आई. शिवदास दोघींकडे बघत राहिला. रस्त्यावरून अण्णासाहेबांची मिरवणूक चालली होती, ढोल वाजत होता. त्याला वाटलं, वाजू दे.

पेटी काही बोलत नव्हती.

शिवदासला हेच ध्यानात आलं. पेटी काही बोलत नव्हती, कारण तिचं सगळं नीट चाललं होतं. सगळं. त्याने सांगितलेलं प्रत्येक काम. थोड्या वेळाने बंद हो आणि ऊठ, हेसुद्धा.

टाकीवरचा हिरवा दिवा भरभर लुकलुकायला लागला.

"गुलाब, तार दे!"

"थांबा हो, नाव राहिलंय."

"दे आधी! मागे घ्यायचंय, तो हुकूम..."

"अहो, ओढू नका! तुम्हीच म्हणालात शेवटी नाव. सांगते. हिचं नाव..."

त्याने तार ओढली. तिनेही ओढली, कारण ती आई झाली होती आणि मधेच सोडणार नव्हती. बोलायची तार पेटीपाशीच तुटली. तिचं टोक दोघांच्या हातात राहिलं आणि त्यात काहीच नव्हतं. किमयाने दोघांकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं. ऐकायच्या तारेतून बोलता येत नाही.

गाव बंद पडलं.

मग रस्ते आले, घरं आली, माणसं आली. सलीमभाईचं दूध वर चढलं. अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावून बघितला, ओला. शिवदास लोंढे टाकीखाली उभा होता, केस काळेभोर, अंगाला हळद, आणि तो खुशीत होता, कारण कार्ड आत्ताच लिहून झालं होतं आणि कुलूप नीट बसलं होतं. वर जाऊन त्याने बघितलं तर एक तार तुटलेली होती. उंदीर, तो म्हणाला. दुसरी टाकीवरून खाली येऊन खोलीच्या दाराखालून आत गेली होती.

कुत्री भुंकायला लागली.

"तुमचं काम दाखवा की," गुलाब म्हणाली. ती हौसेने त्याच्या मागे आली होती, चुडा वाजवत. "घरात एकटीने काय करू?"

"काम काय, ही खोली उघडायची. अर्धवट सामान असतं, त्याला आकडे बांधायचे."

त्याने दार उघडलं. दाराची फळी होती, चप्पल होती, शेळीचं ओरडणं होतं. त्यांच्या शेजारी एक मुलगी उभी होती.

"अगं बाई!" गुलाब म्हणाली. "ही कुणाची पोर?"

"बेवारस दिसतेय. कुणीतरी लिहिताना सोडून दिलीय." शिवदासने जवळ जाऊन बघितलं. "पण काम चांगलं केलंय. कोपरावरची खोकसुद्धा आहे."

"नाव काय गं तुझं, बाळ?"

मुलीने ऐकलं. ती सगळं ऐकत होती, हे तिच्या डोळ्यांवरून कुणालाही कळलं असतं. तिचं तोंड उघडं होतं, आणि ते तसंच राहिलं.

"मुकी आहे बिचारी," गुलाब म्हणाली. तिने पदराने पोरीचं कपाळ पुसलं. "भुवई बघा कशी, अर्धीच. गोड आहे हो. आपल्याला अशीच होऊ दे."

शिवदास लाजला. त्याने आकड्याची चिठ्ठी काढली आणि मुलीच्या मनगटाला बांधली. तिथे आधीच एक वळ होता, चिठ्ठीचा दोरा त्यात बरोबर बसला. तिच्या मुठीत तार होती. "पेटीची आहे ती, दे बाळा," तो म्हणाला आणि त्याने ती हळूच ओढून काढली, पोरीला लागू नये म्हणून.

तार निघाली तरी मूठ मिटलेलीच राहिली. गुलाब खाली बसली आणि तिची बोटं एकेक करून उघडायला लागली. एक उघडलं की आधीचं पुन्हा मिटत होतं.